काल्हेरच्या पत्र्याखाली शिजलेली वाइन

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

अहवालाच्या दुसऱ्या पानावर तुमची सही आहे आणि सहीच्या वर हे वाक्य आहे: "सदर महिला कामगार मद्याच्या अमलाखाली आढळली व तिच्या हातून परीक्षणाचे द्रव्य जमिनीवर सांडले." सांडलं नाही. तिने ते ओतलं. चार थेंब. गुणामावशीचा हात मी चार वर्षं बघतेय, त्या हातातून आजवर एक बाटली निसटलेली नाही. निसटल्या त्या माझ्या हातून, बाबूच्या फोर्कलिफ्टवरून, आणि एकदा खुद्द आमच्या मॅनेजरच्या, प्रितेशदादाच्या हातून. तेव्हा तो फोनवर स्वतःच्या हळदीसाठी डीजे ठरवत होता.

तुम्ही आमच्या गोडाऊनमध्ये अडीच तास होतात, त्यातला एक तास जेवणाचा. उरलेल्या दीड तासात तुम्ही एका बाईचं काम घालवलंत आणि वर तिला बेवडी ठरवलंत. म्हणून हे सगळं पहिल्यापासून लिहिलंय. फाडायचं तर फाडा, पण वाचून फाडा.

काल्हेरचं आमचं गोडाऊन तुम्ही बघितलंय. पुढे पत्र्याची मोठी शेड, तिच्या पोटात एक थंड हॉल, जाड दरवाज्याचा. परदेशातून दारू येते ती त्या हॉलमध्ये राहते. प्रत्येक बाटलीच्या पाठीवर इथलं स्टिकर लागतं, माल कुणी आणला, किंमत काय, आत काय. ते स्टिकर मी लावते. गुणामावशी बाटली पुसून माझ्यापुढे ठेवायची. मी काल्हेरची, आगरी, ती शेलार गावाच्या पलीकडच्या पाड्यावरची, वारली. तिला वाचता येत नाही आणि मला वाचल्याशिवाय राहवत नाही, म्हणून आमचं जमलं.

जानेवारीत फ्रान्सहून चारशे पेट्या लाल वाइन आली. पहिली बाटली पुसतानाच मावशीने विचारलं, "काय लिवलाय गं रंजे?"

मी वाचलं. "ग्रनाश साठ टक्के, सिराह तीस, मुर्वेद्र दहा. रोन नदीचं खोरं, दक्षिण फ्रान्स."

"ही कोन?"

"द्राक्षं. तिघांची वाइन वेगवेगळी करतात आणि मग मिसळतात."

"का? एकीचा धड होत न्हाय?"

मग मी दुपारी मोबाइलवर शोधलं आणि तिला सांगितलं. ग्रनाश गोडवा देतं, झिंग देतं, पण रंगाला फिकं. सिराह रंग देतं, आणि जिभेवर मिरी फोडल्यासारखा झटका देतं. मुर्वेद्र सगळ्यांच्या मागून पिकतं, डोक्यावर कडक ऊन मागतं आणि मुळाशी ओल मागतं, आणि वाइनच्या हाडात बळ भरतं. सिराह त्या नदीकाठचंच. बाकीची दोघं मुळातली स्पेनची, डोंगर ओलांडून फ्रान्सात आलेली. तिथे गेल्यावर नावंही बदलली त्यांची.

मावशी बाटली पुसत राहिली. मग म्हणाली, "एक गोडबोली, एक तिखट, नि एक उशिरा उठनारी. दोघी लांबून आनल्या, नावा बदलल्या. आमच्या घरात ह्याच तिघी नांदतात. दारू न्हाय व्हत त्यांची, भांडन व्हतं."

"आणि खाली लिहिलंय कशाबरोबर प्यायची. भाजलेलं कोकरू, रानातली अळंबी, जुनं चीज."

"चीज काय असतं?"

"दूध कुजवतात."

"मंग ऱ्हाऊ दे," म्हणाली.

आता पुढचं नीट लिहून घ्या, कारण तुम्हाला असलं सापडलं की आनंद होतो. जानेवारीच्या शेवटी बाबूने फोर्कलिफ्टचा दात एका पेटीत घुसवला. एका बाटलीची मान गेली. फुटलेली बाटली नोंद करून ओतून द्यायची असते. आम्ही नोंद केली आणि ओतून दिली, पण आधी माझ्या ओढणीतून गाळून तीन स्टीलच्या पेल्यांत ओतली. मी, मावशी आणि बाबू. जेवणाची सुट्टी होती. हे मी कबूल करते. त्या दिवशी आम्ही प्यायलो. तुम्ही आलात तो दिवस वेगळा, त्यात चार महिन्यांचं अंतर आहे.

बाबू पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात मावशीने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"आधी धरतरीला, मेल्या."

तिने बोट बुडवलं आणि जमिनीवर चार थेंब सोडले. धरतरी म्हणजे ही खालची जमीन. तिच्या पाड्यावर ताडी असो, मोहाची असो, नवऱ्याने दुकानातून आणलेली बिअर असो, पहिले थेंब जमिनीचे, तिचे आणि गेलेल्या माणसांचे. ते दिल्याशिवाय ओठाला लावणारा माणूस त्यांच्यात अडाणी समजतात. बाबूने गुपचूप थेंब सोडले. "इतना गिराएगी तो पिएगा क्या," असं पुटपुटला, पण सोडले.

माझ्या डब्यात सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी होती. चटणीवर मी एक घोट घेतला आणि तोंडात लोखंडी खिळा चघळल्यासारखं झालं. बाबूने माझ्या डब्यातली सुकट घेऊन करून बघितलं, त्यालाही तेच. "ये तो पाना चाटा रे!" मावशीच्या डब्यात आदल्या दिवशीची उकडहंडी होती. कांद, वालाच्या शेंगा आणि कोंबडीचे तुकडे भामरुडाच्या पाल्यात घालून मडकं बंद करतात, उपडं ठेवतात आणि वरून जाळ करतात. त्याला धुराचा आणि पाल्याचा वास असतो. त्या कोंबडीवर तीच वाइन, तोच पेला, आणि काय सांगू. मिरी वर आली, गोडवा मागून आला, आणि मग तिघांचे हात मावशीच्याच डब्यात. बाबूने त्यावर मिरचीचा ठेचा खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी काढत नाचला, कारण ठेच्याने ती जाळते.

मावशीने निकाल दिला. "ही सुक्या मासळीसंगं नांदनार न्हाय. मिरचीसंगं मारामारी करंल. धुराच्या कोंबडीसंगं सुखात ऱ्हाईल. कोकरासंगं बी ऱ्हाईल, तो लिवनारा खोटा न्हाय."

ही बाई साहेब, तुमच्या मते अमलाखाली. तिच्या माहेरी मोहाची गाळायचे. कुठल्या हंडीतला मोह करपला ते तिला लहानपणी अंगणातून कळायचं. गावाचं नाव सांगणार नाही, तुम्ही गाडी काढून निघाल.

एप्रिलमध्ये प्रितेशदादाने डोकं चालवलं. प्रितेशदादा माझ्याच आळीतला, जागेच्या मालकाचा पुतण्या. एक चॉकलेटवाला गिऱ्हाईक आला, त्याला थंड जागा हवी होती, आणि थंड हॉल भरलेला. प्रितेशदादाने वाइनच्या तीनशे साठ पेट्या बाहेर पत्र्याखाली काढायला लावल्या. चाळीस आतच राहिल्या, कारण त्या कोपऱ्यात होत्या आणि तोपर्यंत त्यांच्यापुढे चॉकलेटची भिंत उभी राहिली होती.

मी म्हटलं, "दादूस, पाठीवर लिहिलंय. थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. मीच चिकटवलंय."

"अगं, चॉकलेट वितळतं. दारू काय वितळते? ती आधीच पातळ आहे."

आणि तो चॉकलेटची खोकी मोजायला गेला.

काल्हेरला एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याखाली उभं राहून बघा. तिथे हमाल डोक्यावर ओला टॉवेल घालून काम करतात आणि दहा मिनिटांत टॉवेल वाळतो. तिथे त्या पेट्यांनी एकोणीस दिवस काढले. विसाव्या दिवशी माझी स्टिकरं सुटायला लागली. बाटल्यांच्या गळ्यापाशी चिकट ओघळ. काही बुचं टोपीखाली फुगून वर आली होती, उंदराने बिळातून डोकं काढावं तशी. मावशीने एक बाटली पुसायला घेतली, नाकाशी नेली, आणि खाली ठेवली. दुसरी घेतली, खाली ठेवली. पाचवीनंतर ती उठली आणि सरळ प्रितेशदादाच्या केबिनमध्ये गेली.

"दादा, ह्यो माल शिजलाय."

"काय झालाय?"

"शिजलाय. भात कसा शिजतो तसा. आता ह्याच्यात त्या तिघी न्हाय ऱ्हायल्या. नुसता मुरांबा ऱ्हायलाय."

"सकाळी सकाळी घेऊन आलीस काय गं?"

ते 'घेऊन आलीस' तिथून सुरू झालं, साहेब. आधी थट्टा होती. चार दिवसांनी ठाण्याच्या एका हॉटेलने सहा पेट्या परत पाठवल्या आणि माल आणणाऱ्या कंपनीला तक्रार केली, तेव्हा ती थट्टा प्रितेशदादाच्या कामी आली. कंपनीने तुमच्याकडे परीक्षण मागितलं. प्रितेशदादाने आम्हाला सगळ्यांना उभं केलं आणि मावशीला सांगितलं, "साहेब येणार आहेत. माल चांगला निघाला, तर तू दारू पिऊन माझ्या मालाची बदनामी केलीस, असं मी लिहिणार आणि तुझा गेटपास घेणार. वाईट निघाला तर तू खरी."

मावशी म्हणाली, "निघंल. त्याला नाक असंल ना?"

तुम्ही आलात त्या मंगळवारी प्रितेशदादाने माझं टेबल बाहेर काढून त्यावर पांढरी चादर घातली. तिच्यावर लग्नाच्या मंडपवाल्याचा शिक्का होता, तो त्याने तुमच्या बाजूला येऊ दिला नाही. चार ग्लास, पाव, आणि थुंकायला स्टीलची बादली. तुम्ही पत्र्याखालच्या पेटीतली बाटली उघडलीत. ग्लास फिरवलात. नाक आत घातलंत.

मी तुमच्यापासून चार हातांवर उभी होते, साहेब. तुमचं नाक ग्लासात गेलं आणि जळत्या उदबत्तीला लागावं तसं बाहेर आलं. मग तुम्ही घोट घेतलात, बादलीत थुंकलात, पाव खाल्लात, पुन्हा पाव खाल्लात, पाणी मागितलंत. प्रितेशदादा तुमच्याकडे बघत होता. तुम्ही प्रितेशदादाकडे बघितलंत. आणि मग म्हणालात, "वा. दक्षिण फ्रान्सच्या उन्हाची ऊब आहे. सुकं अंजीर. मुरंबा."

बाबू मागून कुजबुजला, "फ्रान्स का नहीं, काल्हेर का ऊन है."

हसू दाबताना मला खोकला आला. तुम्हाला वाटलं असेल शेजारच्या यंत्रमागांवरची कापसाची धूळ.

मग प्रितेशदादाने मावशीला पुढे बोलावलं. "हीच ती, साहेब. हिला विचारा, हिला जास्त कळतं." सगळे हमाल हसले. तुम्हीसुद्धा हसलात आणि तिच्या हातात ग्लास दिलात. "घ्या, बाई. सांगा."

ती सकाळी आठपासून माझ्याशेजारी होती. पोटात चहा आणि दोन बटर. ग्लास हातात आला तसा तिने बोट बुडवलं आणि थेंब सोडले. एवढंच. तुमचा बूट तिथे होता हा बुटाचा दोष. ग्लास तिने ओठाला लावलाही नाही, वास घेतला आणि परत ठेवला. "हाच तो. शिजलेला." आणि तुम्ही रुमाल काढून बूट पुसलात आणि कागदावर आधी 'माल उत्तम' आणि मग ते वाक्य लिहिलंत. तिच्या तोंडाचा वास घेतला नाहीत. तिला चालून दाखव म्हणाला नाहीत. एक प्रश्न विचारला नाहीत. दारू जमिनीवर पडली म्हणजे पाजणारा सोडून बाकी सगळे प्यायलेले, असा काही नियम आहे का तुमच्याकडे?

प्रितेशदादाने तिथेच हात पुढे केला. मावशीने गळ्यातला पास काढून दिला. मला वाटलं आता रडेल. मी तिच्या मागे बाहेर टपरीवर गेले, तर ती चहात बटर बुडवत होती.

"त्याला कळलाय," ती म्हणाली.

"काय?"

"शिजलाय त्ये. नाकाला कळलाय, तोंडाने बोलला न्हाय. तू बघ, जेवताना त्याला हात लावनार न्हाय. आनि जाताना बाटल्या मागंल. मागनारा मानूस हाय."

"कशावरून?"

"आल्या आल्या चॉकलेटचा बॉक्स उघडून बघितलान. आत काय हाय ते न्हाय बघितलान, किती हाय ते बघितलान." मग तिने बाबूला जवळ बोलावलं. "बाबू, पत्र्याच्या पेटीतल्या दोन बाटल्या घे नि थंड्यात नेऊन ठेव. चॉकलेटमागं, खाली लादीवर."

"क्यूँ?"

"पावना उन्हाचा आलाय. गार काय तरी द्यावा."

बाबूला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो धावत गेला. फोर्कलिफ्ट सोडून बाबू धावताना मी पहिल्यांदा बघितला.

जेवायला प्रितेशदादाने धामणकर नाक्यावरून मटण बिर्याणी मागवली होती. मटण होतं, साहेब. तुम्ही 'उत्तम' म्हणालात ती वाइन आणि मटण, स्टिकरवर लिहिल्यासारखी जोडी. भरलेला ग्लास तुमच्या उजव्या हाताला होता. तुम्ही तीन ग्लास ताक प्यायलात. प्रितेशदादाने दोनदा ग्लास पुढे सरकवला, तुम्ही दोनदा म्हणालात, "ड्युटीवर आहे." सकाळी ड्युटी कुठे गेली होती?

निघताना प्रितेशदादाने पत्र्याखालची अख्खी पेटी तुमच्या गाडीपाशी आणली. तुम्ही हात जोडलेत. "नको, नको, बरं दिसत नाही." मी तुमचा कागद घेऊन मागेच उभी होते. तुम्ही आवाज खाली आणलात, पण पत्र्याची शेड आहे, तिथे खाली आणलेला आवाजसुद्धा फिरून येतो. "दोनच द्या. पण ह्यातल्या नको. त्या आतल्या, थंड हॉलमधल्या असतील ना?"

प्रितेशदादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. अहवाल म्हणतो बाहेरचा माल उत्तम, आणि अहवालवाला म्हणतो बाहेरचा नको. त्याने बाबूला हाक मारली. बाबू दोन बाटल्या घेऊन आला, दव सुटलेल्या, गारेगार. तुम्ही तळहाताने एक चाचपलीत, मान हलवलीत, आणि दोन्ही मागच्या सीटवर नाही, पुढे एसीच्या झोताखाली ठेवल्यात. टपरीवरून मावशीने तुम्हाला नमस्कार केला. तुम्ही खिडकीतून हात हलवलात.

हो. त्या दोन बाटल्या पत्र्याखालच्या होत्या. तीन आठवड्यांच्या वर शिजलेल्या आणि दीड तास गार केलेल्या. हे आम्ही केलं. मी, बाबू आणि गुणामावशीने. याची शिक्षा काय असेल ती आम्हाला सांगा. पण आम्ही तुम्हाला वाईट काही दिलेलं नाही. तुम्ही सही करून 'उत्तम' म्हटलेला माल दिला.

शुक्रवारी सकाळी प्रितेशदादा फोन हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला. कान लाल. तुमचा मेसेज होता. मी वाचला, दोनदा वाचला आणि वेळेसकट उतरवून घेतला. गुरुवारी रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी तुम्ही लिहिलंत: "दोन्ही बाटल्या खराब निघाल्या. पाहुण्यांसमोर फजिती. बदलून पाठवा."

"कुठल्या पेटीतल्या दिल्यास रे?" प्रितेशदादा बाबूवर ओरडला.

बाबू फोर्कलिफ्टवरून उतरलासुद्धा नाही. "उसी में से, सेठ. जो साहब ने पास किया."

प्रितेशदादा चॉकलेटच्या खोक्यावर बसला आणि खोकं त्याच्याखाली दबलं. तुम्हाला काय लिहावं ते त्याला सुचेना. बाटल्या खराब कशा, म्हणावं, तर तुम्ही चिडणार. खराब होत्या, म्हणावं, तर तीनशे साठ पेट्या खराब आणि तो घरी. अजून त्याने उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला दोन निळ्या खुणा दिसत असतील.

मी म्हटलं, "दादूस, मावशीचा पास दे."

तो म्हणाला, "रंजू, मला कळतं गं. पण माझ्याकडे कागद आहे. साहेबांनी कागद बदलला तर मी उद्या पास देतो, स्वतः शेलारला नेऊन देतो."

मी त्याच्यावर विश्वास ठेवते, कारण तो लबाड आहे पण भित्रा आहे, आणि भित्रा माणूस कागद असेल तसा वागतो. गुणामावशी सध्या शेलारकडे एका इमारतीच्या कामावर रेती चाळते. वर्षभराने पन्नाशीला येईल. तिथला मुकादम तिला रोज सकाळी तोंड उघडायला लावतो, कारण काल्हेरहून तिच्याआधी तुमचं वाक्य पोचलं. ती तोंड उघडते. मला म्हणाली, "त्याला बरा वास घेता येतो. साहेबाला शिकवायला पाठव."

तर आता तुमचे दोन निकाल माझ्यापुढे आहेत. मंगळवारचा, कागदावर, सहीसकट: माल उत्तम, बाई प्यायलेली. गुरुवारचा, फोनवर: बाटल्या खराब. माल तोच, पेट्या त्याच, जीभ तुमचीच. मंगळवारचं खरं असेल तर तुमच्या पाहुण्यांसमोर फजिती कशाने झाली? आणि गुरुवारचं खरं असेल, तर त्या दिवशी त्या टेबलाभोवती खरं बोललेलं एकच माणूस होतं, आणि त्याचा पास तुमच्या सहीने गेला.

दोन्हीपैकी तुमचं खरं कोणतं, साहेब? सात दिवसांत लेखी कळवा, सही त्याच पेनाने.

— रंजिता, स्टिकर विभाग, काल्हेर